पावसाळ्यात मॉडेलवर उतरलेली दुधी छटा: माझा अनुभव
कोल्हापुरात जुलैची झड लागलेली असताना १:७२ प्रमाणातील मिग-२१ च्या प्लॅस्टिक मॉडेलवर मी एअरब्रशने लॅकर प्रकारचे मॅट क्लिअर, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर, मारले आणि दहाच मिनिटांत गडद हिरव्या पंखांवर दुधी छटा उतरली. शेपटीवरचा तिरंगा तर धुक्याआड गेल्यासारखा दिसू लागला. कापडाने पुसून पाहिले, क्लिअरचा आणखी एक हात दिला. छटा अधिकच गडद झाली. त्या रात्री जेवणावरची वासनाच उडाली.

थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या थरात अडकते, हे त्यामागचे कारण.

मॉडेल प्रथम सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच, रंग अजिबात न घालता, रिटार्डर (वाळण्याचा वेग कमी करणारा द्रव) मिसळलेले लॅकर थिनर सुमारे १५ सेंटीमीटरवरून, कमी दाबाने, पृष्ठभाग जेमतेम ओलसर दिसेल इतकेच फवारले. थर किंचित विरघळून संथपणे वाळला आणि बाष्प निघून गेले. थेंब मात्र साचू देऊ नये, कारण खालचा रंग आणि डिकल (मॉडेलवर चिकटवलेली चिन्हे) दोन्ही सुटतात. पंखाच्या मुळाशी खाचेत उरलेली छटा अर्ध्या तासाने दिलेल्या दुसऱ्या हाताने गेली.