सूर नेमका लागण्यासाठी तानपुऱ्यावरचा रियाज

सूर कणभर जरी उतरला, तरी जाणकार श्रोता ‘कणसूर’ म्हणून तो लगेच ओळखतो. गाणाऱ्याला स्वतःला मात्र तो फरक अनेकदा जाणवत नाही. म्हणून रियाजात गळ्याच्या आधी कान तयार करावा लागतो.

प्रथम आपली पट्टी, म्हणजे आपला षड्ज (सा) कोणत्या उंचीवर धरायचा, हे ठरवावे. मंद्र (खालच्या सप्तकातील) पंचमापासून (प) तार (वरच्या सप्तकातील) गंधारापर्यंत (ग) न ओरडता जाता येईल, अशी पट्टी योग्य समजावी. सामान्यतः पुरुषांना पेटीची (हार्मोनियमची) काळी एक किंवा दोन आणि स्त्रियांना काळी चार किंवा पाच सोयीची पडते. त्यानंतर तानपुरा लावून दोन-तीन मिनिटे केवळ ऐकत बसावे. पंचमाची तार, जोडाच्या (मध्य षड्जाच्या) दोन तारा आणि शेवटची खर्जाची (खालच्या षड्जाची) तार असा क्रम चालू असताना, जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला गुंजणारा नाद) नीट लागलेली असेल, तर खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार हळूहळू वर येताना ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार षड्जाशी कंपनांच्या ५:४ या प्रमाणात असतो, तर पेटीचा गंधार त्यापेक्षा किंचित चढा असतो. माझे सुरुवातीचे शिक्षण पेटीवर झाल्यामुळे माझा गंधार कित्येक वर्षे चढाच लागत असे आणि तो जागेवर आणण्यासाठी तानपुऱ्यापुढे पुष्कळ बसावे लागले. त्यामुळे सूरसाधना पेटीवर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, षड्ज लावावा. तो खालून घसटत न आणता मनात आधी ऐकावा, मग मध्यम आवाजात थेट त्यावर उतरावे आणि दहा-बारा सेकंद स्थिर ठेवावा. तानपुऱ्याचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आणि आपला २४२ कंपनांचा असेल, तर सेकंदाला दोन ठोके पडल्यासारखी थरथर ऐकू येते. सूर जुळत जातो तशी ती मंदावते आणि शेवटी आपला आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. ही थरथर ओळखता येणे हीच या साधनेतील खरी कमाई आहे. श्वास संपत आला की सूर उतरतो, म्हणून दम पूर्ण रिकामा होण्याआधीच स्वर सोडावा.

षड्ज स्थिरावल्यावर पंचम आणि मग गंधार याच रीतीने लावावा. अलंकार (स्वरांचे ठरावीक क्रम) त्यानंतर, अगदी विलंबित (संथ) लयीत घ्यावेत: सारेग, रेगम, गमप. अवरोहात (वरून खाली येताना) सूर उतरण्याचा धोका अधिक असल्याने तिथे प्रत्येक स्वरावर थोडे थांबावे. मधूनच तानपुरा बंद करून एक अलंकार म्हणावा आणि शेवटच्या षड्जावर तो पुन्हा सुरू करावा. आपण किती सरकलो, हे त्या क्षणी कळते. आठवड्यातून एकदा मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, कारण गाताना लपलेला दोष ताज्या कानाला स्पष्ट दिसतो. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. घसा दुखू लागल्यास त्या दिवशीचा रियाज तिथेच थांबवावा.