रेझिनचा पृष्ठभाग बिघडला? पॉलिश पेपर उचलण्याआधी या चुका टाळा

रात्री ओतलेली नेमप्लेट लखलखीत दिसत होती, सकाळी पाहिलं तर वर दुधाळ थर. अशा वेळी हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो, नाहीतर 'अजून एक कोट मारू' असं वाटतं. दोन्हींनी काम सुधारण्याऐवजी बिघडायची शक्यता जास्त, कारण इपॉक्सी रेझिनवर (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळून ओततात आणि ते घट्ट होतं) वरून सारखे दिसणारे दोष आतून वेगवेगळे असतात आणि त्यांचे उपायही उलटसुलट असतात. एकाला धुवायचं असतं, एकाला घासायचं असतं आणि एकाला दोन दिवस हातच लावायचा नसतो.

पांढुरकेपणाचंच बघा. स्वच्छ फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि डागावरून फिरवा. बोटाला मेणचट, तेलकट लागून थर निघाला, तर तो अमाइन ब्लश. ओलं असताना डाग गायब झाला आणि वाळल्यावर परत दिसला, तर ते बारीक ओरखडे. काहीच फरक पडला नाही, तर दोष आत आहे: सूक्ष्म बुडबुडे, नाहीतर रंगातून किंवा फुलातून आलेली ओल.

पावसाळी दुखणं: अमाइन ब्लश

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा त्रास सर्वाधिक होतो. हार्डनरमध्ये अमाइन नावाची रसायनं असतात. रेझिन घट्ट होण्याआधी ती पृष्ठभागावर येऊन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांच्याशी संयोग पावली, की कार्बामेटचा मेणचट पापुद्रा बनतो. हवा दमट आणि खोली थंड असेल, तर रेझिन हळू घट्ट होतं आणि या पापुद्र्याला भरपूर वेळ मिळतो.

हा थर पाण्यात विरघळतो, ही चांगली गोष्ट. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि प्लास्टिकची घासणी एवढं पुरतं. धुऊन, कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि पेपर मारायचा असेल तर त्यानंतरच मारा. आधी घासलं तर मेण पेपरमध्ये भरतं, उरलेलं ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढचा कोट त्या जागी धरत नाही. थिनरने पुसणंही टाळा. तो हा थर उचलत नाही, पसरवतो.

टाळायचं असेल तर खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ६० टक्क्यांच्या वर असताना ओतू नका. एसी ड्राय मोडवर चालवून खिडक्या बंद ठेवल्या तर भर पावसातही काम होतं. पण वस्तू घट्ट व्हायच्या आत त्या गार खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणली, की तिच्यावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. खोली उबदार करायला गॅसची शेगडी पेटवणं सर्वात वाईट: ज्योतीतून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ दोन्ही निघतात, म्हणजे ब्लशला लागणारा सगळा कच्चा माल आपणच पुरवतो.

चिकटपणा: सगळीकडे की ठिपक्याठिपक्यांनी?

सगळा पृष्ठभाग सारखाच चिकट असेल, तर प्रमाण चुकलंय किंवा खोली गार आहे. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्री पारा इतका उतरतो, की २४ तासांचं काम ४८ तासांवर जातं. आधी वस्तू २५ ते ३० अंशांच्या खोलीत दोन दिवस ठेवून बघा. तरीही चिकट राहिली तर प्रमाणाची चूक समजा. त्यावर नुसता नवा कोट ओतला तर खालचा थर कायमचा मऊ राहतो. पत्र्याने खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग नव्याने ओता.

प्रमाणात एक फसवी जागा आहे. बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं, पण ते वजनाने की मापाने हे बारीक अक्षरात असतं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्यामुळे मापाचं २:१ काट्यावर तोललं, तर हार्डनर साधारण १५ ते २० टक्के जास्त पडतो. फायबरच्या कामाची सवय असलेली मंडळी लवकर घट्ट व्हावं म्हणून मुद्दाम जास्त हार्डनर घालतात. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब प्रक्रिया फक्त सुरू करून देतात, त्यामुळे तिथे ते थोडंफार खपतं. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच साखळीचा अर्धा भाग असतो. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि चिकटपणा घेऊन बसतो.

चिकटपणा ठिपक्याठिपक्यांनी असेल, तर मिश्रण नीट ढवळलेलं नाही. कपाच्या तळाला आणि कडांना लागलेलं रेझिन न मिसळताच राहतं, आणि कप उलटा करून शेवटचा थेंबही निपटून घेण्याची काटकसर तेच नेमकं कामावर आणून सोडते. सावकाश तीन-चार मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडत राहा, मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. मला विचाराल तर या दुसऱ्या कपाइतकी स्वस्त विमा पॉलिसी या कामात दुसरी नाही.

गोल खड्डे, म्हणजे फिशआय

रेझिन एखाद्या जागेवरून मागे सरकतं आणि तळ उघडा पडतो. खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा हात, फर्निचर पॉलिश, मोल्डवर मारलेला स्प्रे, काहीही पुरतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काम करणाऱ्यांनी फोडणीच्या धुराचा तेलकट थर विसरू नये. सागाच्या लाकडात स्वतःचंच तेल असतं, म्हणून ओतण्याआधी ते अॅसिटोनने पुसून वाळवतात.

खड्ड्यात थेंब टाकून भागत नाही, तो पुन्हा मागे सरकतो. पूर्ण घट्ट झाल्यावर २२० नंबरच्या पेपरने सगळा पृष्ठभाग मॅट करा, अल्कोहोलने पुसा, उघड्या बोटांनी शिवू नका आणि साधारण ३ मिलिमीटरचा कोट ओता. काटकसरीने पातळ ओतलेला थर सपाट व्हायच्या आधीच फाटतो.

बुडबुडे लाकडातून येतात, फुलांतूनही

बुडबुड्यांचं खापर ढवळण्यावर फुटतं. थंड, दाट रेझिनमध्ये हवा अडकते हे खरं. बाटल्या घट्ट बंद करून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवल्या की रेझिन पातळ होतं. (थंडीत बाटलीतलं रेझिन साखरेसारखं रवाळ झालं असेल तर ते फेकू नका, स्फटिक ऊब मिळाली की विरघळतात.) पण ओतून तासाभराने एकाच जागेवरून बुडबुड्यांची रांग लागली, तर हवा आंब्याच्या किंवा बाभळीच्या छिद्रांतून येतेय. दिवस चढतो तशी लाकडातली हवा फुगते आणि वर येते. म्हणून ब्रशने आधी एक पातळ सील कोट, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर द्या आणि तोही संध्याकाळी, तापमान उतरत असताना. तेव्हा लाकूड हवा बाहेर टाकण्याऐवजी रेझिन आत ओढतं.

वरमाला जतन करणाऱ्यांचा प्रश्न ओलीचा असतो. वरून सुकलेल्या गुलाबाच्या देठाशी पाणी शिल्लक असतं. त्यामुळे पाकळ्या तपकिरी पडतात आणि भोवती धूसर कडं येतं. यावर नंतर इलाज नाही. फूल सिलिका जेलमध्ये कडकडीत वाळलं पाहिजे. त्याच कारणाने पाण्यावर आधारलेले अॅक्रिलिक रंग रेझिनमध्ये जपून वापरावेत.

हीट गनचा अतिरेक

रील्समध्ये ज्योत फिरते आणि बुडबुडे फट् फट् फुटतात. बघायला मजा येते, म्हणून लोक फिरवतच राहतात. एका जागी जास्त वेळ उष्णता दिली तर वर कातडं धरतं आणि खालचं रेझिन प्रवाहीच राहतं, मग लाटा आणि सुरकुत्या येतात. पिवळेपणा येतो तो वेगळाच. गन सतत हलती ठेवा, दोन-तीन हलके फेरे मारा आणि थांबा. रेझिन जेलीसारखं दाट होऊ लागल्यावर तर मुळीच नको.

खोल मोल्डमध्ये (साच्यात) कोटिंगचं, म्हणजे पातळ थरासाठीचं रेझिन एकदम ओतलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तडकतं, कधी धूरही येतो. खोल कामासाठी डीप पोअर, म्हणजे जाड थरासाठीचं रेझिन घ्या किंवा थराथराने ओता. खालचा थर किंचित चिकट असतानाच, म्हणजे सहसा चार ते सहा तासांत, वरचा ओतला तर मध्ये पेपर मारावा लागत नाही. ती वेळ टळली तर मॅट करणं आलंच.

धूळ आणि शेवटचं पॉलिश

ओतल्यावर पंखा बंद करा आणि वर खोका झाका. त्या खोक्याची आतली बाजू आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवा, नाहीतर त्याचीच धूळ पडते. एखादा कण दिसला तर टूथपिकने पहिल्या अर्ध्या तासातच काढा, नंतर उकरलं तर खड्डा राहतो.

घट्ट झाल्यावर राहिलेल्या खुणांसाठी वॉटर पेपर: ४००, ८००, १५००, २००० आणि मग गाडीचं रबिंग कंपाउंड. मधला नंबर गाळला की त्याचे ओरखडे शेवटी, नेमके उन्हात दिसतात. हे काम ७२ तासांच्या आत करू नका. अर्धवट घट्ट रेझिनची धूळ श्वासातून आणि त्वचेवर जाणं घातक आहे. ओलं घासलं तरी मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, साबण वापरा.

कोस्टरवर चहाच्या कपाचं गोल वळ उमटतं, ते मात्र पॉलिशने कायमचं जात नाही. नेहमीचं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि उकळत्या चहाचा कप त्याहून गरम असतो. विकायचे कोस्टर असतील तर उष्णता सहन करणारं रेझिन घ्या आणि सात दिवस पूर्ण होईपर्यंत ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.