फुटी बघताना या चुका टाळा: बॉलवरची नजर उचला, खेळ दिसायला लागेल

मेलबर्नला नव्याने आलेल्या आपल्या लोकांकडून मार्च उजाडला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "ऑफिसात सगळे फुटीबद्दल बोलतात. आम्हीही मॅच बघितली, पण नुसती पळापळ आणि ढकलाढकली. कळलं काहीच नाही." खेळ अवघड आहे म्हणून असं होत नाही. आपण चुकीच्या जागी बसतो आणि चुकीच्या गोष्टीकडे बघतो, म्हणून होतं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजेच फुटीत, एका बाजूला १८ खेळाडू, म्हणजे मैदानात एकूण ३६. ऑफसाइड नावाचा प्रकार नाही, त्यामुळे कोणीही कुठेही जाऊ शकतो. बॉलभोवती झटापट करणारे फार तर आठ-दहा जण असतात. बाकीचे सव्वीस-अठ्ठावीस जण त्या क्षणी कुठे सरकतायत, यावर पुढचा गोल ठरतो. क्रिकेट बघताना बॉलर धावत यायच्या आधी आपली नजर आपोआप फिल्डिंगवरून फिरते. स्लिप किती, डीपला कोण, हे न ठरवता पाहिलं जातं. तीच सवय इथे लावायची आहे.

सीट घेताना

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. बाउंड्रीच्या जितकं जवळ तितकं चांगलं, असं सगळ्यांना वाटतं. एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) साधारण १६० मीटर लांब आणि १४१ मीटर रुंद आहे. लेव्हल १ ला पुढच्या रांगेत बसलात तर टॅकलचा धप्प आवाज येतो, खेळाडू एकमेकांना ओरडून काय सांगतायत तेही कानावर पडतं. पण पलीकडच्या विंगवरचं, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या मधल्या भागातलं, काही उमगत नाही. सगळे खेळाडू एकाच रेषेत असल्यासारखे दिसतात आणि दोघांमधलं अंतर पाच मीटर आहे की पंचवीस, ते कळत नाही. पाऊस आला तर याच रांगा आधी भिजतात. मुलांना पहिल्यांदा नेत असाल तर खुशाल पुढे बसा, त्यांना त्यातच मजा येते. डावपेच समजून घ्यायचे असतील तर वर चढा.

वर म्हणजे नेमकं कुठे? माझं मत पक्कं आहे: गोलच्या मागे, वरच्या मजल्यावर. पुष्कळ जण म्हणतील की तिथून समोरचा गोल फार लांब पडतो. पडतोच. पण तिथला गोल मोठ्या स्क्रीनवर दिसतो. खेळाडूंच्या ओळींमध्ये पडलेली फट मात्र स्क्रीनवर दिसत नाही, ती याच जागेवरून दिसते. क्लबांचे कोचसुद्धा गोलच्या मागून घेतलेलं चित्रण बघून सामन्याची चिरफाड करतात, ते याच कारणासाठी. इतक्या लांबून बघणं नको वाटत असेल तर विंगवरचा वरचा मजला घ्या. गोलमागच्या खालच्या रांगा डावपेचांसाठी बघू नका. तिथे चीअर स्क्वॉड असते, त्यांचे मोठमोठे झेंडे आणि झुपके हलत असतात. वातावरण जबरदस्त, पण खेळ अर्धाच दिसतो. तिकिटावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर ते गांभीर्याने घ्या.

उन्हाचा हिशेबही आपल्या लोकांचा चुकतो. भारतात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, इथे तो उत्तरेकडे असतो. एमसीजीच्या दक्षिण बाजूचं शेन वॉर्न स्टँड उत्तरेकडे तोंड करून आहे. जून-जुलैच्या दुपारी तिथे ऊन थेट डोळ्यांवर येतं, पण ऊबही मिळते. उत्तरेकडच्या स्टँडमध्ये डोळ्यांना त्रास नाही, पण सावलीतली थंडी हाडांत शिरते. टोपी न्यायची की जाड जॅकेट, ते यावर ठरवा. मेलबर्नच्याच मार्व्हल स्टेडियमला बंद होणारं छत आहे, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

प्रतिस्पर्धी चाहत्यांसाठी वेगळे कप्पे नसतात, सगळे मिसळून बसतात. शेजारी वर्षानुवर्षं मॅचला येणारे कोणी आजोबा असतील तर क्वार्टर संपल्यावर त्यांना बिनधास्त विचारा. फुटीवर बोलायला इथले लोक कधी कंटाळत नाहीत.

टीव्हीवर बघताना

टीव्हीची अडचण अशी की कॅमेरा बॉलला चिकटलेला असतो. एखाद्याने मार्क (किकवरचा स्वच्छ झेल) घेतला की त्याचा चेहरा जवळून दाखवतात, आणि नेमक्या त्याच तीन-चार सेकंदांत पुढची मांडणी होते. यावर पूर्ण उपाय नाही, पण दोन जागा हमखास सापडतात. बिहाइंड, म्हणजे गोल हुकून बॉल बाजूच्या खांबांमधून गेला, की बचाव करणारा संघ तो परत खेळात मारतो; या किक-इनला कॅमेरा मागे जातो, तेव्हा पडद्याच्या कडांकडे बघा. आणि विश्लेषक गोलच्या मागून घेतलेला रिप्ले दाखवतात, त्या वेळी चहा करायला उठू नका.

फुकट दिसणाऱ्या चॅनेल सेव्हनवर गोल झाल्यावर बहुतेक वेळा जाहिरात लागते. पैसे भरून बघायच्या फॉक्स फुटीवर खेळ चालू असताना जाहिराती नसतात. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. गोलनंतर बॉल मध्यावर परत येईपर्यंतच्या वेळात कोच माणसं हलवतात: कोण बेंचवर गेला, कोणाला कोणावर सोडलं, रकमध्ये (वर उडवलेल्या बॉलसाठी उडी मारायला) कोण आला. जाहिरात बघणाऱ्याला हे कळतच नाही आणि मग "हा अचानक फॉरवर्डला कसा?" असा प्रश्न पडतो.

कोणता सामना कुठे दिसणार, हे आठवड्याच्या सुरुवातीलाच तपासा. २०२५ ते २०३१ या काळासाठी सेव्हन, फॉक्सटेल आणि टेल्स्ट्रा यांच्याशी ४.५ अब्ज डॉलरचा करार झाला आहे. त्यात मोसमाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतले व्हिक्टोरियातले शनिवारचे बहुतेक सामने सेव्हनवर नसतात, फॉक्स फुटी आणि कायो या पैसे भरायच्या स्ट्रीमिंग सेवेवर असतात. ग्रँड फायनलचं याच्या उलट आहे. ती थेट फक्त सेव्हनवर दिसते. वर्षभर कायोचे पैसे भरलेल्या आणि घरात अँटेना नसलेल्या माणसाची सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी धावपळ होते ती यामुळे. उपाय सोपा आहे: २०२५ पासून सेव्हनप्लस या सेव्हनच्या स्ट्रीमिंग सेवेवरही सामने थेट दिसतात, तिथे आधीच खातं उघडून ठेवा.

शेजारच्या घरातून आरडाओरड ऐकू आली आणि तुमच्या पडद्यावर गोल अर्ध्या मिनिटाने झाला, तर टीव्ही बिघडलेला नाही. इंटरनेटवरचं चित्र अँटेनाच्या मागे चालतं. शक्य असेल तर अँटेना लावा, नाहीतर फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद करा. मैदानात रेडिओ ऐकायचा असेल तर साधा एएम सेट न्या. ॲपवरची किंवा डिजिटल कॉमेंट्री मागे पडते आणि डोळ्यांसमोरचा खेळ व कानातला आवाज जुळत नाही.

पबमध्ये जाणार असाल तर आधी फोन करून विचारा की मोठ्या पडद्यावर कोणता सामना आणि आवाज कशाचा. सिडनी-ब्रिस्बेनमध्ये तर हे विचारायलाच हवं, कारण तिथे रग्बी लीगचा जोर आहे.

पुण्या-नागपुरात बसून बघणाऱ्यांसाठी 'वॉच एएफएल' ही परदेशातल्या प्रेक्षकांची अधिकृत सेवा आहे (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग). वेळेत मात्र फसगत होते. मार्चमध्ये मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे असतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे घेतली की फरक साडेचार तासांचा होतो. मेलबर्नला संध्याकाळी ७.४० ला सुरू होणारा सामना मार्चमध्ये भारतात दुपारी २.१० ला लागेल आणि मे महिन्यात ३.१० ला. पर्थची घड्याळं बदलत नाहीत, तिथला फरक वर्षभर अडीच तासच.

डावपेचांवर बोलताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गोल खाल्ला की सगळे शेवटच्या डिफेंडरला बोल लावतात: "त्याने आपला माणूस सोडला." आता बहुतेक संघ माणसाला चिकटून नव्हे, जागा वाटून बचाव करतात. कोच ॲलिस्टर क्लार्कसनच्या हॉथॉर्नने २००८ मध्ये असा सरकता झोन वापरून प्रीमियरशिप (मोसमाचं विजेतेपद) जिंकली आणि त्यानंतर खेळाची भाषाच बदलली. त्यामुळे गोलकडे बघायच्या आधी मागे जा. बॉल कुठे गमावला? बरेचदा चूक शंभर मीटर अलीकडे झालेली असते. हाफ-बॅकवरून (बचावाच्या पुढच्या ओळीतून) कोणीतरी आडवी किक मारली, ती अडवली गेली, आणि त्या वेळी त्याचे सहा सहकारी पुढे पळत होते. शेवटचा डिफेंडर एकटा दोघांसमोर उरला तो त्यामुळे.

किक-इन एकदा नीट बघा. बिहाइंड झाला, डिफेंडर गोलसमोरच्या चौकात बॉल घेऊन उभा आहे. समोर प्रतिस्पर्ध्यांनी तीन ओळींची जाळी टाकली आहे. एक जण डाव्या पॉकेटकडे (गोलच्या बाजूच्या कोपऱ्याकडे) हात वर करून पळतो. बॉल त्याच्याकडे जाणार नाही, हे त्यालाही माहीत असतं. पण जाळीतला एक माणूस त्याच्यामागे तीन पावलं सरकतो. तेवढ्याने मधली फट उघडते आणि विंगवरून तिरका धावत आलेला दुसरा तिथे छातीवर बॉल घेतो. आकडेवारीत मार्क त्याच्या नावावर चढतो. हात वर करून पळालेल्याच्या नावावर काहीच नसतं. "त्याने आज फक्त बारा वेळा बॉल हाताळला, काढा त्याला" असं म्हणायच्या आधी असल्या धावा मोजा.

आणखी एक गैरसमज सुरुवातीच्या मांडणीचा. २०१९ च्या ६-६-६ नियमानुसार मधल्या चौकातून खेळ सुरू होताना दोन्ही संघांचे सहा खेळाडू मागे, सहा मध्ये आणि सहा पुढे असावे लागतात. ही मांडणी तेवढ्या क्षणापुरतीच असते. खेळ सुरू झाला की बंधन संपलं, पाचव्या सेकंदाला एक फॉरवर्ड मागे निघालेला दिसेल. हा नियम आणण्यामागे जुना इतिहास आहे. २००० साली एसेन्डनने अख्ख्या मोसमात एकच सामना गमावला, तो वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध. बुलडॉग्जचे कोच टेरी वॉलेस यांनी जवळजवळ सगळा संघ बचावात लोटला होता.

'मार्कवर', म्हणजे किक मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, उभा असलेला खेळाडू पुतळ्यासारखा का थांबतो, असंही नवे लोक विचारतात. तो आळशी नाही. २०२१ पासून अंपायरने 'स्टँड' म्हटल्यावर तो हलला तर ५० मीटरचा दंड बसतो, म्हणजे किक मारणारा तेवढा पुढे सरकतो.

मैदान लक्षात न घेता संघाला नावं ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. फुटीच्या मैदानांना एकच माप नाही. जीलाँगचं कार्डिनिया पार्क साधारण १७० मीटर लांब पण जेमतेम ११५ मीटर रुंद आहे. एमसीजीवर विंगवरून मोकळा फिरणारा संघ तिथे गुदमरतो. तेच खेळाडू, तोच बेत, पण रुंदी साधारण २६ मीटरने कमी.

स्कोअर वाचताना

गोलचे ६ गुण, बिहाइंडचा १. स्कोअर १२.१८ (९०) असा लिहितात: १२ गोल, १८ बिहाइंड, एकूण ९०. शेवटचा आकडाच वाचला तर सामना कसा झाला ते कळत नाही. २०२३ च्या ग्रँड फायनलमध्ये ब्रिस्बेनने १३.८ (८६) केले आणि कॉलिंगवुडने १२.१८ (९०). गोल ब्रिस्बेनचे जास्त, कप कॉलिंगवुडचा.

पण बिहाइंड म्हणजे हुकलेली संधी, असंही सरसकट धरू नका. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये जीलाँगचा स्कोअर ११.२३ (८९) होता. त्या २३ पैकी ११ बिहाइंड हॉथॉर्नने स्वतःच बॉल आपल्या गोलरेषेपलीकडे नेऊन दिले होते. एक गुण द्यायचा आणि किक-इन घेऊन बॉल शांतपणे आपल्या ताब्यात ठेवायचा, असा तो सौदा होता. २००९ मध्ये मुद्दाम असं करण्याविरुद्ध नियमच आला.

फुकटची शाळा

डावपेच शिकायचे म्हणजे मोठ्या स्टेडियमलाच जायला हवं, असं समजू नका. तुमच्या सबर्बच्या ओव्हलवर शनिवारी दुपारी स्थानिक क्लबाची मॅच असते. बऱ्याच ठिकाणी बाउंड्रीला गाडी लावून तिथूनच बघता येतं. आणि तिसरा क्वार्टर संपला की प्रेक्षक मैदानात उतरून खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभे राहतात, कोच काय सांगतोय ते कान देऊन ऐकतात. कोणी हटकत नाही. "त्यांचा सुटा माणूस डाव्या बाजूला आहे, बॉल उजवीकडून न्या" असं एक वाक्य ऐकायचं आणि बाउंड्रीवर परत येऊन चौथ्या क्वार्टरमध्ये ते खरंच होतंय का, ते बघायचं. घोळक्यापासून दोन पावलं मागे राहा, मध्ये बोलू नका, आणि खेळ सुरू व्हायच्या आत मैदान सोडा.