'स्टार ट्रेक'च्या आवडत्या भागांवर वाद कसा घालावा

'स्टार ट्रेक' या अवकाशप्रवासावरील विज्ञानकथेच्या मूळ मालिकेचे ७९ भाग ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर प्रसारित झाले आणि त्यांतला सर्वोत्तम कोणता, हा चाहत्यांमधला वाद तेव्हापासून अखंड चालू आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेले मराठी प्रेक्षकही त्यात हिरिरीने उतरतात. मात्र यांतले बरेच वाद भागांची नावे एकमेकांवर फेकण्यापलीकडे जात नाहीत: एक जण 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' म्हणतो, दुसरा 'अमॉक टाइम' म्हणतो आणि दोघेही आपापल्या मतासह घरी जातात. वादातून त्या भागांविषयी काही नवे कळावे असे वाटत असेल, तर एक नियम सर्वांनी आधीच मान्य करावा. कोणत्याही भागाची स्तुती किंवा निंदा करणाऱ्याने आपले म्हणणे त्या भागातल्या एखाद्या ठरावीक प्रसंगावर टेकवून दाखवले पाहिजे. पुढच्या सगळ्या सूचना या एका नियमातूनच निघतात.

बोलण्यास सुरुवात होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पाच भाग कागदावर लिहून ठेवावेत. ही खबरदारी क्षुल्लक वाटते, पण तिचा फार उपयोग होतो, कारण पहिल्या वक्त्याने ठामपणे एखादे नाव घेतले की उरलेल्यांच्या याद्या नकळत त्याच्याकडे झुकतात. त्याच कागदावर 'आवडता' आणि 'उत्कृष्ट' असे दोन वेगळे रकाने करावेत. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' आवडण्यासाठी कोणाला कारण द्यावे लागत नाही. तो उत्कृष्ट आहे असा दावा केला, की मात्र कारण द्यावेच लागते. वादातली निम्मी कटुता हे दोन रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांनी पाहिलेली आवृत्ती एकच आहे का, हेही विचारून घ्यावे. मूळ भाग सुमारे ५० मिनिटांचे होते, परंतु सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवर पुनःप्रसारण करताना जाहिरातींना जागा मिळावी म्हणून त्यांतली काही मिनिटे कापली जात, आणि अनेकांच्या आठवणीत तीच कापलेली रूपे राहिली आहेत. २००६ पासून आलेल्या सुधारित आवृत्तीत अवकाशयानांची आणि ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने बनवली गेली. 'द डूम्सडे मशीन' या भागाच्या दृश्यात्मक बाजूवर बोलणारे दोघे जण दोन वेगळ्या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतील, तर तो वाद कितीही वेळ चालला तरी पुढे सरकणार नाही.

आता मुख्य कामाकडे, म्हणजे प्रसंग निवडण्याकडे, वळू. उदाहरणादाखल ९ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग घ्यावा. जेनस-६ या ग्रहावरील खाणीत एक अज्ञात प्राणी कामगारांना ठार मारत असतो. तो सिलिकॉनवर आधारलेला जीव असून त्याचे नाव होर्टा आहे, आणि खाणकामगार ज्या गोल दगडांना निरुपयोगी समजून फोडत होते ती त्याची अंडी आहेत, हे शेवटी उघड होते. या भागाचा चाहता बहुधा 'राक्षस समजलेली आई' ही कल्पना किती थोर आहे ते सांगून थांबतो. कल्पना थोर आहेच, पण तेवढ्याने दावा सिद्ध होत नाही, कारण चांगल्या कल्पनेचा भाग फसल्याचीही उदाहरणे याच मालिकेत आहेत. त्याऐवजी बोगद्यातला प्रसंग पुढे ठेवावा. सुरुवातीला स्पॉक, म्हणजे एंटरप्राइज या अवकाशयानावरचा तर्काने चालणारा, अर्धा परग्रहवासी अधिकारी, त्या प्राण्याला जिवंत पकडण्याचा विचार मांडतो आणि यानाचा कॅप्टन किर्क त्याला ठार मारण्याचा आदेश देतो. पुढे किर्क बोगद्यात एकटाच होर्टासमोर सापडतो, आणि संपर्कयंत्रावरून स्पॉक त्याला कळकळीने सांगतो की ताबडतोब त्याला मारा. त्या वेळी शस्त्र हातात असूनही किर्क थांबतो. दोघांच्या भूमिका पूर्ण उलटल्या आहेत, आणि प्राण्याला जिवंत ठेवायचे तूच म्हणत होतास ना, अशी आठवण किर्क त्याला एका वाक्यात करून देतो. मित्राचा जीव धोक्यात आला की स्पॉकचे तर्कशास्त्र बाजूला पडते, आणि प्रत्यक्ष समोर उभा असलेला जीव पाहिल्यावर किर्कचा आदेश त्याच्याच हातून पाळला जात नाही. पटकथाकार जीन कून यांनी हे मुख्यतः कृतीतून दाखवले आहे. अशा प्रसंगाकडे बोट दाखवता आले, की ऐकणाऱ्यालाही तो भाग पुन्हा पाहावासा वाटतो, आणि विरोधकाला उत्तर द्यायचे असेल तर त्याला तितक्याच तोलाचा दुसरा प्रसंग शोधावा लागतो.

विरोधी बाजूला सहसा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' असतो. ६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झालेल्या या भागाला १९६८ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराचा दाखला देऊन वाद तिथेच संपवण्याचा मोह अनेकांना होतो. इथे सावध राहावे. लेखक हार्लन एलिसन यांची मूळ संहिता आणि पडद्यावर आलेला भाग यांत मोठा फरक आहे, कारण डी. सी. फॉन्टाना, जीन कून आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्यासह इतरांनी तिचे पुनर्लेखन केले होते. एलिसन यांच्या मूळ संहितेला अमेरिकेतील लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला, तर ह्यूगो प्रसारित भागाला मिळाला. म्हणजे 'पुरस्कारप्राप्त' म्हणताना आपण कोणत्या कृतीविषयी बोलतो आहोत, हे आधी सांगावे लागते. दोन्हींतला कळीचा फरक शेवटच्या प्रसंगात आहे. १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या एडिथ कीलरवर भूतकाळात गेलेल्या किर्कचे प्रेम बसते, परंतु ती जगली तर इतिहास बदलणार असतो. मूळ संहितेतल्या किर्कला तिला मरू देणे जमत नाही. पडद्यावर मात्र किर्क तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला, म्हणजे यानाच्या डॉक्टरला, स्वतःच्या हातांनी धरून ठेवतो. यांतले कोणते रूप श्रेष्ठ, हा 'सर्वोत्तम भाग कोणता' यापेक्षा कितीतरी कसदार प्रश्न आहे, आणि माझ्या मते प्रसारित रूपच अधिक हृदयद्रावक आहे, कारण त्यात किर्क कर्तव्य पार पाडतो आणि ते पार पाडल्याची शिक्षाही त्यालाच मिळते. यावर मतभेद असणाऱ्यांशी बोलताना एक संपूर्ण संध्याकाळ सहज जाते.

विज्ञानाच्या चुका काढणारा सदस्य प्रत्येक गटात असतो आणि त्याला गप्प बसवू नये. त्याच्या आक्षेपाला योग्य जागा मात्र दाखवावी. १५ डिसेंबर १९६६ च्या 'बॅलन्स ऑफ टेरर' मध्ये शत्रूला चाहूल लागू नये म्हणून एंटरप्राइज यानातले लोक हळू आवाजात बोलतात. पोकळीतून ध्वनी जात नसल्याने ही दक्षता निरर्थक आहे, हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. हा भाग पाणबुड्यांच्या युद्धकथेच्या साच्यात बेतलेला असून ती शांतता तिथूनच आलेली आहे. पण पुढचा प्रश्न असा विचारावा, की ही चूक काढून टाकली तर कथेचा कणा मोडतो का? या भागाचा कणा दुसरीकडे आहे. रोम्युलन शत्रू पहिल्यांदाच पडद्यावर दिसतो आणि तो हुबेहूब स्पॉकच्या वंशाचा वाटतो. ज्याचे पूर्वज रोम्युलनांशी झालेल्या युद्धात मारले गेले तो स्टाइल्स हा अधिकारी त्या क्षणापासून स्पॉककडे संशयाने पाहू लागतो. आणि शेवटी विषारी वायूने भरलेल्या कक्षातून स्पॉकच त्याला बाहेर काढतो. भागाची सुरुवात यानातल्या एका लग्नसोहळ्याने होते आणि लढाईत एंटरप्राइजवर जो एकच माणूस मरतो, तो त्या लग्नातला नवरदेव असतो. कुजबुजीचा आक्षेप मान्य करूनही यातले काहीच ढळत नाही. मार्क लेनर्ड यांनी साकारलेल्या रोम्युलन सेनापतीची अखेर पाहिल्यावर, वेगळ्या परिस्थितीत हे दोन कप्तान मित्र झाले असते, यावर आपला विश्वास बसतो. 'उत्कृष्ट'च्या रकान्यात मी हाच भाग सर्वांत वर ठेवतो.

उलट काही आक्षेप कथेलाच जाऊन भिडतात. 'द एनिमी विदिन' मध्ये ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर आणि परत नेणारे यंत्र, बिघडल्यामुळे यानावरचा अधिकारी सुलू आणि त्याचे सहकारी ग्रहावर थंडीने गोठत असतात, आणि त्यांना आणण्यासाठी छोटे यान का पाठवले नाही, असा प्रश्न पुढचे भाग पाहिलेल्या प्रत्येकाला पडतो. याचे उत्तर निर्मितीच्या इतिहासात आहे: तो भाग चित्रित झाला तेव्हा मालिकेकडे असे यानच नव्हते. ही माहिती उपयुक्त आहे, पण तिच्यामुळे कथेतले भगदाड बुजत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. 'का घडले' आणि 'चांगले घडले का' हे प्रश्न अलग ठेवले, तर माहितगार सदस्य नवख्यांना दडपून टाकत नाहीत.

आपल्याकडच्या प्रेक्षकांचा एक खास आक्षेप 'स्पेस सीड' विषयी असतो आणि तो जरूर मांडावा. त्यातला खलनायक खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असावा असे पात्रांच्या तोंडी आहे. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली. नाव, धर्म आणि वेश यांचा मेळ न बसणे हा लेखनातला निष्काळजीपणाच आहे, तरीही किर्कशी जेवणाच्या टेबलावर होणाऱ्या शाब्दिक चकमकीत माँटलबान यांचा दबदबा इतका जबरदस्त आहे की भाग यादीतून काढवत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता आल्या पाहिजेत.

तिसऱ्या पर्वासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. हे पर्व शुक्रवारी रात्री १० वाजता दाखवले गेले, निर्मितीखर्चात कपात झाली, रॉडनबेरी दैनंदिन कामातून मागे सरले आणि फ्रेड फ्रायबर्गर निर्माते झाले. या कारणांची यादी पाठ असलेले चाहते संपूर्ण पर्व एका वाक्यात निकालात काढतात. अशा वेळी प्रत्येकाला तिसऱ्या पर्वातल्या एका भागाची वकिली करायला सांगावे. 'ऑल अवर यस्टरडेज' या कामासाठी उत्तम आहे. तो जीन लिसेट एरोस्ट यांनी लिहिला, त्या व्यवसायाने ग्रंथपाल होत्या, आणि कथेतही नष्ट होणाऱ्या ग्रहावरचे लोक एका ग्रंथालयातून भूतकाळात निसटून जातात. हिमयुगात अडकलेला स्पॉक मांस खातो, चिडतो, प्रेमात पडतो. लिओनार्ड निमॉय यांचा तिथला अभिनय पाहिल्यावर अख्खे पर्व टाकाऊ ठरवणे कठीण जाते. दुसऱ्या बाजूला 'स्पॉक्स ब्रेन' आहे, ज्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि त्याचे शरीर दूरनियंत्रकाने चालवले जाते. त्याचा बचाव करणे मला जमलेले नाही. पण तो ली क्रोनिन या टोपणनावाने जीन कून यांनीच लिहिला होता, म्हणजे होर्टाची कथा ज्या हाताने लिहिली त्याच हाताने. लेखकाच्या नावावरून भागाची प्रत ठरवू नये, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही.

विनोदी भाग मागे पडतात, कारण वादात गंभीर भागांना आपोआप जास्त वजन मिळते. त्यांना त्यांच्याच मापाने मोजावे: विनोद किती नेमका बसला आहे, एवढेच पाहावे. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' मध्ये धान्याच्या कोठाराचे दार उघडताच किर्कच्या अंगावर ट्रिबल्स नावाच्या, भराभर वाढणाऱ्या छोट्या केसाळ प्राण्यांचा ढीग कोसळतो आणि स्पॉक शांतपणे त्यांची संख्या १७,७१,५६१ असल्याचे सांगतो. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर १२ तासांनी प्रत्येकी १० पिल्ले आणि तीन दिवस, म्हणजे सहा वेळा ११ पट: हिशेब तंतोतंत जुळतो. तो बोलत असताना किर्कच्या डोक्यावर वरून एकेक ट्रिबल पडतच राहतो. इतका बारकाईने रचलेला विनोदी प्रसंग 'उत्कृष्ट'च्या रकान्यात का नसावा, याचे उत्तर विरोधकाने द्यावे.

शेवटी निकाल लावायचाच असेल, तर प्रत्येकाच्या यादीतल्या भागांना ५ पासून १ पर्यंत गुण द्यावेत, बेरजेत वर आलेले दोन भाग सर्वांनी मिळून पुन्हा पाहावेत आणि मगच अंतिम मतदान घ्यावे. पाहण्याआधीचे मत आणि नंतरचे मत दोन्ही नोंदवावीत. बदललेली मते कोणत्या प्रसंगामुळे बदलली, हेही लिहावे.

ही यादी नवख्या प्रेक्षकाच्या हाती जशीच्या तशी देऊ नये. 'द सिटी' कितीही वर असला तरी पहिला भाग म्हणून तो दाखवू नये, कारण किर्कच्या त्यागाचे वजन कळण्यासाठी त्याचे यान आणि त्याचे मित्र त्याला किती प्रिय आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. प्रथम 'द कॉर्बोमाइट मॅन्यूव्हर' दाखवावा, मग 'बॅलन्स ऑफ टेरर', त्यानंतर 'द डेव्हिल इन द डार्क', आणि 'द सिटी' चौथ्या क्रमांकावर. 'अमॉक टाइम' त्याहूनही नंतर ठेवावा: त्याच्या अखेरीस किर्क जिवंत असल्याचे पाहून स्पॉक जे हसतो, त्याची किंमत त्याला तोवर कधीही तसे हसताना न पाहिलेल्यालाच कळते.