रोजच्या अंगठीसाठी रंगीत खडा निवडताना या चुका टाळा

कानातला किंवा गळ्यातला खडा सहसा कुठे आपटत नाही. अंगठीतला मात्र बसच्या दांड्यावर, ओट्याच्या कडेवर, कुकरच्या झाकणावर दिवसभर घासत असतो. त्यामुळे रोज घालायच्या अंगठीचा खडा पेंडंटच्या कसोटीवर निवडला, की वर्षभरात पैलूंच्या कडा बोथट होतात आणि खडा मंद दिसायला लागतो.

"आठ नंबरचा आहे, काही होत नाही"

फ्रीडरिख मोहस यांनी १८१२ साली मांडलेली काठिण्याची १ ते १० ची मापनी दुकानात सर्रास सांगितली जाते. कोणता दगड कोणावर ओरखडा काढतो, एवढंच ती सांगते. यातला ७ हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तो क्वार्ट्झचा, म्हणजे वाळूचा आहे आणि घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतातच. धूळ बसलेली अंगठी पदराने किंवा शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली, की ते कण खड्यावरून फिरतात. ७ पेक्षा मऊ खड्यावर प्रत्येक पुसण्यात बारीक रेघा उमटतात. ओपल (५.५ ते ६.५), फिरोजा (५ ते ६) आणि मूनस्टोन (६ ते ६.५) रोजच्या अंगठीत लवकर निस्तेज होतात ते यामुळेच. कटेला (ॲमेथिस्ट) बरोबर ७ वर आहे, म्हणजे काठावरच. शिवाय उन्हात फार राहिला तर त्याचा जांभळा रंग फिका पडू शकतो.

ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. टोपाझ ८ वर असूनही त्याला एका दिशेत पाटन असतं. सरळ नसांचं लाकूड जसं एका फटक्यात चिरतं, तसा तो योग्य जागी ठोका बसला की सपाट दुभंगतो. उलट नेफ्राइट जेड जेमतेम ६ ते ६.५ चा, पण आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने अतिशय चिवट.

दोन्ही बाजूंनी भक्कम हवं असेल तर नीलम, पुष्कराज (म्हणजे पिवळा नीलम) आणि भेगा न भरलेलं माणिक (तिन्ही ९, पाटन नाही), खरा लसण्या म्हणजे क्रिसोबेरिल (८.५) आणि स्पिनेल (८) पाहावं. स्पिनेलला आपल्याकडे अजून पुरेसा मान नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सेस रुबी' हे प्रत्यक्षात लाल स्पिनेलच आहे.

बिलावरच्या नावावर विसंबणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. जुन्या शब्दकोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ, सराफाकडे पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम आणि 'पुष्कराजाचा उपरत्न' म्हणून मिळतो तो सुनेला म्हणजे पिवळा क्वार्ट्झ. तिन्ही पिवळे, पण काठिण्य अनुक्रमे ८, ९ आणि ७. लसण्याचंही तसंच आहे. क्वार्ट्झचा लसण्या ७ चाच असतो.

यावर उपाय म्हणजे प्रमाणपत्रातला वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, वाचणं. पिवळ्या नीलमाचा १.७६ ते १.७७, टोपाझचा १.६१ ते १.६४, सुनेल्याचा १.५४ ते १.५५. हे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. अंगठीत बसवलेल्या खड्याचा वरचा सपाट पैलू यंत्रावर टेकत असेल, तर खडा न काढताही हे मोजता येतं. वजन रत्तीत सांगितलं तर कॅरेटमध्ये लिहून घ्या. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे सगळीकडे ठरलेलं आहे. रत्ती तशी नाही.

खड्यावर काय प्रक्रिया झाली, हे न विचारणं

नुसती उष्णता देऊन रंग खुलवलेला नीलम टिकाऊपणात कमी नसतो. त्याला घाबरू नका, फक्त किंमत त्या हिशोबाने द्या. शिसं मिसळलेल्या काचेने भेगा भरलेलं माणिक मात्र अंगठीत घालूच नये. लिंबाच्या रसानेही ती काच झिजते आणि मग खड्यावर कोळिष्टकासारखी पांढरट जाळी दिसते. तसं झालं तर खडा पूर्ववत होत नाही. घेण्याआधी दहा पट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवा. आत गोल बुडबुडे किंवा भेगेत अचानक निळी चमक दिसली, तर तो परत द्या. प्रमाणपत्रावर 'लेड ग्लास फिल्ड' किंवा 'कॉम्पोझिट' हे शब्द शोधा.

पाचूची गोष्ट निराळी. काठिण्य ७.५ ते ८ असलं तरी बहुतेक पाचूंमध्ये नैसर्गिक भेगा असतात आणि त्या लपवण्यासाठी तेल किंवा राळ भरतात. जयपूरच्या बाजारात हिरवं रंगवलेलं 'जोबन' तेलही वापरलं जातं. तेल सुकलं की भेगा पांढऱ्या दिसू लागतात, आणि खडा फुटला असं वाटून घरात घबराट होते. बहुतेक वेळा पुन्हा तेल भरून तो सावरता येतो. पाचूच हवा असेल तर तेलाचं प्रमाण 'मायनर' लिहिलेला घ्या आणि तो साफ करायला अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेखाली कधीही देऊ नका. केवळ हिरवा रंग हवा असेल तर हिरवा नीलम किंवा त्साव्होराइट (हिरवा गार्नेट) पाहा.

मोती (२.५ ते ४.५) आणि पोवळं (३ ते ४) पत्रिकेप्रमाणे घालायचंच असेल, तर हे दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहेत हे ध्यानात ठेवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी त्यांचा वरचा थर विरघळतो. स्वयंपाकाला लागण्याआधी अंगठी काढा.

घडणावळीत होणाऱ्या चुका

२२ कॅरेट सोनं मऊ असतं. त्यात चार बारीक पकडींवर उंच खडा बसवला की पकडी झिजतात, वाकतात. १८ कॅरेट, म्हणजे ७५० हॉलमार्कचं सोनं घ्या किंवा बंद कोंदण करून खडा बोटालगत ठेवा. खड्याची कंबर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जुळतो ती कडा, सुरीसारखी पातळ असेल तर बसवतानाच टवका उडतो. बाजूने पाहून खात्री करा.

खडा त्वचेला लागावा म्हणून मागून उघडी ठेवलेली अंगठी साबण आणि कणकेने भरते. माणिक-नीलमासारख्या खड्यांसाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे. घासायचं मागच्या बाजूने, आणि तेही वाटीत, बेसिनवर नाही. मग अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. खडखडली तर खडा सैल आहे. लोकरीत किंवा ओढणीत धागा अडकत असेल तर पकड उचकटली आहे.

अंगठी मोठी करून घेताना सोनाराला स्पष्ट सांगा, "डाग देण्याआधी खडा काढा." डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, ज्योतीने पाचू तडकतो, माणकातली काच वितळते. डाग देताना लावलेला टाकणखार तर तापल्यावर निखळ नीलमाचाही पृष्ठभाग खातो आणि मग त्याला पुन्हा पॉलिश करण्यावाचून गत्यंतर नसतं. खडा काढायला जास्तीचे पैसे पडले तरी द्या, आणि तो काढल्यावर तुमच्यासमोर त्याचं वजन करून पावतीवर लिहून घ्या.