स्लेज-कुत्र्यांच्या शर्यतीत स्वयंसेवक व्हायचंय? रस्त्याच्या क्रॉसिंगपासून सुरुवात करा

मिनेसोटात नव्याने आलेली आपली मंडळी पहिला हिवाळा घर, ऑफिस आणि गाडी यांतच काढतात. थंडी घरात बसून सोसायची गोष्ट आहे, असं एकदा मनाने घेतलं की पुढची सगळी वर्षं तशीच जातात. मला यातून बाहेर काढलं ते जॉन बेअरग्रीझ मॅरेथॉनने. जानेवारीच्या अखेरीस डुलुथहून निघून सुपीरिअर सरोवराच्या उत्तर काठाने कॅनडाच्या सीमेकडे जाणारी ही कुत्र्यांच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीची शर्यत, साधारण 300 मैलांची. अलास्कातली इडिटारॉड हजार मैलांच्या घरातली आणि जास्त प्रसिद्ध, पण तिथे जायचं म्हणजे विमान, रजा आणि बराच खर्च. डुलुथ मिनिआपोलिसहून गाडीने अडीच तासांवर आहे. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

ज्याच्या नावाने ही शर्यत आहे तो जॉन बेअरग्रीझ अनिशिनाबे समाजातला टपालवाला. 1879 ते 1899 अशी वीस वर्षं तो टू हार्बर्स आणि ग्रँड मरे या गावांमध्ये टपाल नेत असे, उन्हाळ्यात वल्ह्याच्या होडीतून आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून. तेव्हा काठाने धड रस्ता नव्हता. 1980 पासून त्याच्या आठवणीत शर्यत होते. नाव नोंदवण्याआधी एवढं तरी माहीत असावं, असं मला वाटतं.

स्वयंसेवकांची कामं पुष्कळ असतात: पार्किंग, वेळ नोंदवणं, रेडिओ सांभाळणं, पेंढा उचलणं, स्वयंपाकघर, पशुवैद्यांना मदत. नवीन माणसाला सगळ्यांत आधी कुत्र्यांजवळचं काम हवं असतं. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या वर्षी रस्त्याचं क्रॉसिंग मागून घ्या.

शर्यतीची वाट जंगलातून जाते आणि ठिकठिकाणी गाड्यांचे रस्ते ओलांडते. अशा प्रत्येक ठिकाणी माणसं लागतात. बर्फ हटवायचा नांगर फिरवून साफ केलेल्या डांबरावर स्लेजच्या पट्ट्या खरवडतात, कुत्र्यांच्या पायांनाही ते चांगलं नाही, म्हणून फावड्याने कडेचा बर्फ ओढून रस्त्यावर पसरायचा. एक गाडी गेली की तो उडतो, मग पुन्हा पसरायचा. कुत्र्यांना लगाम नसतो. स्लेजवर उभा असलेला मशर फक्त आवाजाने सांगतो: ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘ऑन बाय’ म्हणजे इकडेतिकडे न बघता पुढे चला. पुढच्या जोडीला रुंद, सपाट रस्ता दिसला की तिकडे वळण्याचा मोह होतो. म्हणून आपण दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून उभं राहायचं, समोरची वाट तेवढी मोकळी ठेवायची आणि गाड्या लांबच थोपवायच्या.

हे सगळं बहुधा रात्री. तासभर काहीच येत नाही. मग झाडांमध्ये कपाळावरच्या दिव्याचा एक ठिपका हलताना दिसतो. भुंकणं ऐकू येईल असं आपल्याला वाटत असतं, पण धावणारी कुत्री भुंकत नाहीत. श्वासांचा आवाज येतो, बर्फावर पट्ट्या घासल्याचा येतो, आणि क्षणात पूर्ण तांडा तुमच्यापासून हातभर अंतरावरून निघून जातो. पुढच्या कुत्र्यांच्या भुवया आणि मिशा श्वासाच्या दंवाने पांढऱ्या झालेल्या असतात. त्या वेळी आपल्या कपाळावरचा दिवा खाली वळवायचा, त्यांच्या डोळ्यांत मारायचा नाही. फोटोसाठी फ्लॅश तर अजिबात नको. मशरच्या अंगावरचा नंबर वाचून वेळेसकट रेडिओवर कळवायचा. कोण कुठपर्यंत पोचलं हे मागे बसलेल्यांना त्यातूनच कळतं. एखादा मशर स्लेजवरून पडून तांडा एकटाच पुढे आला, तर तो कुठे हरवला ते शोधायला शेवटच्या क्रॉसिंगची नोंद लागते. पेनातली शाई गोठते, म्हणून पेन्सिल ठेवा.

दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवर हँडलरचं, म्हणजे जुंपलेली कुत्री धरून ठेवण्याचं काम घ्या. आधी प्रशिक्षण असेल तर चुकवू नका. ही कुत्री चित्रात असतात तशी निळ्या डोळ्यांची, केसाळ सायबेरियन हस्की नसतात. बहुतेक अलास्कन हस्की, मिश्र रक्ताची, सडपातळ, वीस-पंचवीस किलोची. डझनभर कुत्री एका दोराला जुंपली की त्यांचा जोर अंगावर येतो. तिथला गोंगाट असा की शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागतं. मशर सांगेल तिथेच धरायचं, दोर मनगटाला कधीच गुंडाळायचा नाही. पाय घसरला तर दोर सोडून बाजूला लोळायचं, कारण मागून स्लेज येत असते. हात लावण्याआधी मशरला विचारा. आपलं घरचं कुत्रं तिथे न्यायचं नाही आणि कुत्र्यांना काहीही खायला द्यायचं नाही. कुत्र्यांच्या पायातले कापडी मोजे पडलेले दिसले तर उचलून ठेवा.

कुत्र्यांना राबवतात, हा आक्षेप घरच्यांकडून आणि मित्रांकडून येणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर एक रात्र काढा. पशुवैद्य प्रत्येक कुत्र्याचं हृदय, फुप्फुसं, सांधे आणि पंजे तपासतात, पाणी कमी पडलंय का ते कातडी चिमटीत धरून बघतात. लंगडणारं कुत्रं तिथूनच मागे ठेवलं जातं. मशर स्वतः जेवण्याआधी कुत्र्यांसाठी पेंढा पसरतो, खाणं गरम करतो. हे बघून माझं मत बनलं, तुमचं तुम्ही बनवा. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तर ही संधी सोडूच नये. दमलेल्या, पण निरोगी प्राण्याची तपासणी इतक्या जवळून दवाखान्यात बघायला मिळत नाही.

आता कपडे. उणे 20 फॅरनहाइट म्हणजे उणे 29 सेल्सिअस, आणि आपल्याला त्यात नुसतं उभं राहायचं असतं. चालणाऱ्याचे कपडे उभं राहणाऱ्याला पुरत नाहीत. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, सुती काहीही नको. बूट एक माप मोठे घ्या, आतलं अस्तर काढून वाळवता येईल असे. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर पाय उलट लवकर गारठतात. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र राहतील असे जाड. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बघता बघता उतरते. खाणंही आतल्याच खिशात: संक्रांतीच्या तिळाच्या वड्या बाहेरच्या खिशात दगडासारख्या होतात, दाण्याचे मऊ लाडू बरे. चष्मा असेल तर तोंडावरचा रुमाल नाकाच्या खाली दुमडा, नाहीतर काचेवर बर्फच जमतो.

गाडीत फावडं, ब्लँकेट आणि जंपर केबल हवी, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाव सोडलं की फोनची रेंज बेभरवशाची, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या. अंधार पडल्यावर हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर विनामोबदला स्वयंसेवेबद्दलही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून उत्तर लेखी ठेवा. नोंदणी शर्यतीच्या संकेतस्थळावर होते. क्रॉसिंगसाठी दोघं-तिघं ओळखीचे एकत्र नाव द्या, म्हणजे आळीपाळीने गाडीत बसून ऊब घेता येते. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम त्याच शनिवार-रविवारी आला, तर मंडळाला आधीच सांगून ठेवा.

आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. 2024 मध्ये बर्फच पडला नाही म्हणून शर्यत रद्द करावी लागली होती. तसं झालं तर आयोजकांचा निरोप येतो. त्याला उत्तर देऊन पुढच्या वर्षीसाठी नाव कायम ठेवायला सांगा.