काचेवरील हिमनक्षीचे छायाचित्रण

कडाक्याच्या थंडीत काचेवर उमटणारी, नेच्याच्या पानांसारखी हिमनक्षी आपल्या राहत्या खोलीच्या खिडकीवर सापडेल, ही कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात नव्याने गेलेल्यांची अपेक्षा बहुधा फोल ठरते. तिकडच्या हल्लीच्या खिडक्यांना दुहेरी काच असते आणि तिचा आतला पृष्ठभाग सहसा गोठणबिंदूच्या खाली जात नाही. त्यामुळे शोध एकेरी काचेचा घ्यावा: गॅरेज, अवजारांची खोली, जुन्या घराची बंदिस्त पडवी. बाहेर पारा उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असेल आणि आतल्या हवेत थोडा ओलावा असेल, तर हवेतील बाष्प काचेच्या आतल्या बाजूवर गोठून स्फटिक वाढू लागतात. ओलावा अपुरा वाटल्यास संध्याकाळी खिडकीखाली गरम पाण्याचे पातेले थोडा वेळ ठेवावे. फार वेळ ठेवल्यास मात्र काच सरसकट पांढरी होते आणि नक्षी हरवते.

स्फटिकांची सुरुवात बहुतेक वेळा काचेवरील ओरखड्यांपासून, धुळीच्या कणांपासून किंवा पुसल्याच्या खुणांपासून होते. म्हणून काच लख्ख करण्याचा मोह टाळावा. उलट आदल्या दिवशी ओल्या फडक्याने वळणे घेत पुसून ती तशीच वाळू दिली, तर पुष्कळदा त्या खुणांना धरूनच नक्षी वळते.

छायाचित्राचे खरे यश कॅमेऱ्यापेक्षा पार्श्वभूमीवर ठरते. बर्फ पारदर्शक असल्याने मागे उजळ आकाश असेल तर तो करडा, मळकट दिसतो. मागे अंधार असून प्रकाश बाजूने आला, की प्रत्येक कड उजळून निघते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये हिमस्फटिकाचे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतले आणि पुढे खिडकीवरील नक्षीही टिपली. त्यांच्या हिमस्फटिकांमागे दिसणारा काळा रंग नेगेटिव्हवरील थर आकृतीच्या कडेकडेने खरवडून आणलेला आहे. एवढे कष्ट आता नकोत. खिडकीबाहेर हातभर अंतरावर काळे कापड टांगले की पुरते, आणि टॉर्च काचेशी अगदी तिरपा धरला की बारीक शिराही दिसू लागतात. सूर्य नुकताच वर आलेला असताना तिरप्या उन्हात कडांना केशरी आणि सावलीला निळी छटा मिळते; हा रंग टिकवायचा असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारी कॅमेऱ्यातील सोय) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवावा. ऊन काचेवर पडल्यानंतर नक्षी लवकरच वितळू लागते, त्यामुळे सर्व मांडणी सूर्योदयापूर्वीच झालेली असावी.

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, असल्यास उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा भाग) काचेला नेमका समांतर ठेवावा, कारण इतक्या जवळून थोडासा तिरकेपणाही अर्धी चौकट धूसर करतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ ८ ते एफ ११, आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० किंवा २००, फोकस हाताने आणि शटरला दोन सेकंदांचा टायमर, एवढे पुरे. काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा दृश्य गरजेपेक्षा उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, करून पाहावे. खोलीतले दिवे मालवावेत, गडद कपडे घालावेत आणि तोंडावर मफलर घ्यावा. उच्छ्वासाच्या एका झोतानेही बारीक टोके वितळतात.

एकेरी काचेची खिडकी कोठेच नसेल, तर फोटोफ्रेमची सुटी काच निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली आडवी ठेवावी. पहाटे तिच्यावर स्फटिक मिळण्याची बरीच शक्यता असते. जादा बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवावी. काम संपल्यावर उबदार घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत घालावा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे पाणी लेन्सवर न साचता पिशवीच्या बाहेरच साचते.